ओपाचं पाणी

आम्हा भावंडांची वाटणी नळाने केली. दादा, अक्का आणि चुलतभाऊ बाबल नळाआधीचे. कळशी कमरेवर कशी बसते ते त्यांना अंगाने ठाऊक. माझ्यामागून आलेली चौघं नळानंतरची. तोटी फिरवली की पाणी येतं, त्यात सांगण्यासारखं काय आहे, असं त्यांना वाटतं. मी मधली. मला झरीवरची रांग आठवते आणि न्हाणीतल्या पितळी तोटीतून पहिल्यांदा पाणी आलं ती सकाळही आठवते. चवथीला सगळी घरी जमलो की जेवणं उरकल्यावर पानाच्या तबकाभोवती गप्पा सुरू होतात. कुठूनही सुरू झाल्या तरी शेवटी पाण्यावर येतात. आता आमच्यातला सर्वांत धाकटाही साठीपलीकडे गेला. बाबल तर राहिला नाही. ज्यांना आठवतं त्यांनी सांगावं आणि मी लिहावं, असं गेल्या चवथीला ठरलं.

घर पणजीच्या मळा या भागात. पाठीशी आल्तिनोची टेकडी, समोर थोड्या अंतरावर ओरेंची खाडी. टेकडी सगळी जांभ्याची. गोव्यात वर्षाला सुमारे 3,000 मिलिमीटर पाऊस पडतो. टेकडीवर पडलेलं पाणी जांभ्याच्या छिद्रांतून महिनोन्‌महिने झिरपत राहतं आणि पायथ्याशी झरी होऊन बाहेर पडतं. मळ्यातली फोंत फेनिक्स ही अशी झर, टेकडीच्या दुसऱ्या अंगाची बोका द व्हाका ही तशीच. पणजी शहर वसलं ते या झऱ्यांच्या आणि घरोघरच्या विहिरींच्या भरवशावर. आमच्या परसातही बाव होती, अजून आहे. चिरेबंदी काठ, कडेला दगडी डोण, वर कप्पी. पण खाडी जवळ. एप्रिल-मे आला की भरतीचं खारं पाणी आतून सरकायचं आणि बावीच्या पाण्याला मचूळ चव यायची. म्हणून बावीचं पाणी कपड्यांना, भांड्यांना, न्हाणीतल्या तांब्याच्या भाणात तापवायला. पिण्याचं आणि देवाचं पाणी झरीवरून.

झरीवर जायचं काम बायकांचं आणि पोरींचं. घरात चार बाप्ये होते, पण कळशी उचललेला एकही कुणाला आठवत नाही. पहाटे आई आणि काकी जायच्या, उजाडल्यावर अक्का. परकर खोचायचा, डोक्यावर चुंबळ, तिच्यावर हंडा, कमरेवर कळशी. पायऱ्या ओल्या आणि शेवाळलेल्या. पावसाळ्यात पाणी भरपूर पण पाय सरकायचे. वैशाखात पाय घट्ट पण पाण्याची धार करंगळीएवढी, तेव्हा रांग लांबायची आणि रांगेतली भांडणंही. आमच्यातली धाकटी मंडळी झरीच्या गोष्टी ऐकताना म्हणतात, किती छान असेल ना. गार पाणी, टेकडीची सावली, बायकांच्या गप्पा. सगळं खरं आहे. अक्काच्या डाव्या कमरेवर कळशीच्या काठाने पडलेला घट्टाही खरा आहे. लग्न होऊन सासरी गेल्यावर कितीतरी वर्षांनी तो मऊ पडला. सकाळच्या खेपा आटपून शाळेत पोचेपर्यंत पहिला तास झालेला असायचा, आणि पुढे कुणीही मुद्दाम ‘सोड’ न म्हणता तिची शाळा सुटली. दादाची सुटली नाही. हे ती तक्रार म्हणून सांगत नाही. मी मात्र तक्रार म्हणूनच लिहिते आहे.

ओपाची योजना 1957 सालची. फोंडा तालुक्यात खांडेपार नदीच्या काठी ओपा इथे पाणी उपसायचं, गाळून शुद्ध करायचं आणि तिथून तिसवाडीत, पणजीपर्यंत आणायचं. पोर्तुगीज अमदानीचा तो शेवट होता. भारताने आर्थिक नाकेबंदी केलेली. बटाटे हॉलंडचे यायचे, ही आठवण आमच्या वयाच्या कुठल्याही गोंयकाराला विचारा. अशा काळात त्या सरकारने जमिनीखाली नळ पुरायला पैसा काढला. 1510 पासून राज्य करणाऱ्यांना नदीचं शुद्ध केलेलं पाणी राजधानीत आणायला शेवटची चार वर्षं उरली होती. आमचे आबा पोर्तुगीज राजवटीचे कट्टर विरोधक. पण ओपाबद्दल ते वाईट बोलत नसत. उशीर केला, पण केलं, एवढंच म्हणत.

आमच्या गल्लीत नळ पडायला लागले तेव्हाचं दादाला जास्त आठवतं, कारण तो दिवसभर तिथेच बसलेला असायचा. बिडाचे जाड पाईप, एका टोकाला रुंद तोंडाचे. एकाचं निमुळतं टोक दुसऱ्याच्या रुंद तोंडात सारायचं. मग सांध्यात तागाचा पीळ घालून तो छिन्नी-हातोड्याने चारी बाजूंनी ठोकून बसवायचा. सांध्याभोवती ओल्या मातीचं कडं करून वर एक तोंड ठेवायचं. तोवर बाजूला कोळशाच्या शेगडीवर शिसं वितळत असे. लोखंडी पळीने ते एका दमात ओतायचं. मध्ये थांबलं तर सांधा फुकट. शिसं थिजलं की पुन्हा ठोकायचं. दादा सांगतो, ओतताना सगळी गल्ली गप्प व्हायची, कारण ओल्या तागाला शिसं लागलं तर उडायचं. तो पुढे मेकॅनिकल इंजिनिअर झाला, आणि कॉलेजात जे शिकलो त्याचा पहिला धडा त्या गटाराशेजारी गिरवला, असं अजून सांगतो.

रस्त्यातून पाईप गेला तरी घरात तोटी यायला वेळ लागला. आमच्याकडे ती आली मुक्तीनंतर. 19 डिसेंबर 1961 नंतरचा पहिला की दुसरा पावसाळा संपताना, यावर आमच्यात एकमत नाही. सकाळ मात्र सर्वांची एकच आहे. न्हाणीत सगळं घर गोळा झालेलं. तोटी उघडल्यावर आधी नुसती हवा फुसफुसली. मग तांबडं पाणी आलं, मग गढूळ, आणि मग एकदम स्वच्छ, जाड, न थांबणारी धार. काकी ओरडली, “उदक आयलें!” ती जी ओरडली ते चार घरं पलीकडे ऐकू गेलं. आजीने तोटीला हळदकुंकू लावलं. त्या दिवशी घरातली सगळी भांडी भरली गेली, उद्या येईल की नाही कोण जाणे, म्हणून. काकी पिंपाच्या काठावर हात ठेवून बसून राहिली. तिला त्या दिवशी दुसरं काही कामच नव्हतं. लग्न होऊन या घरात आल्यापासून सकाळी रिकामी बसलेली काकी आम्ही पहिल्यांदा पाहिली.

आजीने हळदकुंकू लावलं, पण ते पाणी ती प्याली नाही. त्याला औषधाचा वास यायचा. शिवाय कुठून कुठून येतं, कुणाकुणाचे हात लागतात. देवाला आणि स्वतःला ती शेवटपर्यंत झरीचं पाणी घेत राहिली, आणि ते आणायला घरातली कुणी ना कुणी जात राहिली. आबांनी तिची समजूत काढायचा प्रयत्न केला. दूधसागरचं पाणी खाली वाहत येऊन खांडेपार नदी होते, तीच ओपाला येते; म्हणजे तुझ्या न्हाणीत दूधसागर आला आहे, असं त्यांनी सांगितलं. आजीला पटलं नाही, आम्हाला पटलं. पुढे पावसाळ्यात नळाला कधी तांबूस पाणी आलं की आम्ही दूधसागरला पूर आला म्हणायचो. आता कळतं की त्या तांबड्यात खाणींची मातीही होती. खांडेपारच्या आसपासच्या डोंगरांतून लोहखनिज काढलं जात होतं आणि पाऊस ते धुऊन नदीत आणत होता.

आमच्या गप्पा इथपर्यंत छान चालतात. येणाऱ्या पाण्याबद्दल सगळ्यांना बोलायला आवडतं. घरातून जाणाऱ्या पाण्याचा विषय निघाला की अक्का उठून आत जाते. पण तो सोडून पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही, कारण माझ्या मते खरी गोष्ट तिथेच आहे.

आमच्या घराला मागचं दार होतं. परसाच्या टोकाला एक खोली, तिला जमिनीलगत मागून उघडणारं लाकडी झाकण, झाकणाआड डबा. सकाळी एक बाई मागच्या गल्लीतून यायची आणि डबा उपसून न्यायची. ती येण्याच्या वेळी आम्ही मुलांनी परसात जायचं नाही. तिला घोटभर पाणी द्यायचं तर ते वरून, ओंजळीत. दिवाळीला जुनेर, चवथीला केळीच्या पानावर शिदोरी. तिचं नाव आमच्यापैकी कुणालाही सांगता येत नाही. झरीवर रांगेत उभ्या असलेल्या बायकांची नावं अक्काला पाठ आहेत, नळ जोडणाऱ्या मिस्त्रीचं नाव दादाला पाठ आहे. आणि वर्षानुवर्षं रोज घरी येणाऱ्या या बाईला आम्ही काय हाक मारत होतो, तेच आठवत नाही. बहुधा हाकच मारत नव्हतो.

मामाच्या गावी बाई नव्हती, डुकरं होती. गोव्याच्या खेड्यांतून ते संडास सर्रास असत; मागे उतार आणि उतारावर डुकराला जायला वाट. धाकट्या मंडळींना ते ऐकून हसू येतं. मला त्यात हसण्यासारखं वाटत नाही. निदान तिथे माणसाच्या डोक्यावर डबा नव्हता. डब्याच्या संडासांना आणि माणसाकरवी मैला वाहून नेण्याला बंदी घालणारा देशाचा कायदा 1993 साली झाला, आणि तो पुरेसा पडला नाही म्हणून 2013 साली दुसरा करावा लागला. यावरून काय ते समजावं.

आमच्याकडे डबा गेला तो नळामुळेच. न्हाणीत पाणी आलं, मग संडासात आलं, मग पाण्याने धुऊन जाणारा संडास बांधला आणि परसात सेप्टिक टाकी खणली. टाकीतून वर येणारं पाणी शोषखड्ड्यात. घर उजळलं. मागच्या दाराला आतून कडी लागली ती कायमची. त्या बाईचं पुढे काय झालं, तिला दुसरं काम मिळालं का, हे कुणी विचारल्याचं आठवत नाही.

टाकीने घरातली घाण नजरेआड गेली, पण गेली कुठे? जांभा तोच, छिद्रं तीच. ज्या वाटेने टेकडीचं पाणी बावीत येत होतं त्याच वाटेने शोषखड्ड्याचं पाणीही निघालं. आणि आता पाणी जास्त होतं. कळशीने पाणी आणणारं घर जपून वापरतं. नळ आल्यावर तेच घर कितीतरी पटीने जास्त वापरतं, आणि वापरलेलं सगळं बाहेर जातं. शहरात पाणी आणताना ते परत नेण्याची वाट त्याच दिवशी खणायला हवी असते. जवळजवळ कुठेच तसं होत नाही. येणाऱ्या पाण्याचं उद्‌घाटन करता येतं, फीत कापता येते, काकी ओरडते. जाणाऱ्या पाण्यासाठी कोण ओरडणार?

आबा यावर जुन्या गोव्याची गोष्ट सांगत. मांडवीच्या काठी पूर्वेचं मोठं शहर म्हणून जे वसलं, तिथे 1543 साली पटकीची भयंकर साथ आली. गार्सिया द ओर्ता या वैद्याने तिथेच राहून लिहिलेला आणि गोव्यातच 1563 साली छापलेला ग्रंथ आहे. त्यात पटकीच्या लक्षणांचं वर्णन आहे. साथी मग येतच राहिल्या, पटकीच्या आणि हिवतापाच्या. शहर मोठं, माती सच्छिद्र, विहिरी आणि शौचखड्डे शेजारीशेजारी. लोक मरत गेले, उरलेले निघून गेले. 1759 साली व्हाइसरॉयने आपलं बिऱ्हाड पणजीला आदिलशहाच्या जुन्या राजवाड्यात हलवलं आणि 1843 साली पणजी राजधानी झाली. आज आपण ज्या भल्यामोठ्या चर्चेस पाहायला जातो त्यांच्याभोवती एके काळी दाट वस्ती होती. ती लढाईने उठली नाही, तिच्या स्वतःच्या सांडपाण्याने उठवली. आबा हे सांगून झालं की आमच्या बावीकडे बोट दाखवत. तेव्हा आम्हाला ते त्यांचं नेहमीचं व्याख्यान वाटायचं.

मुक्तीनंतर पणजीत मलवाहिन्या पडल्या, ताळगावच्या वाटेवर टोंक इथे प्रक्रिया केंद्र झालं. पण सगळी पणजी त्यात एकदम आली नाही. याचं कारण दादा कागदावर रेघा काढून दाखवतो. पिण्याचं पाणी दाबाने येतं. टाकी आल्तिनोवर असली की खालच्या घरांत ते आपोआप चढतं, पाईप कसाही वळवा. मैल्याचं पाणी तसं ढकलता येत नाही. त्याला उतार लागतो, सतत आणि नेमका. उतार कमी पडला तर मैला बसून राहतो. सपाट शहरात उतार द्यायचा म्हणजे पाईप पुढे पुढे खोल न्यावा लागतो. फार खोल गेला की तिथे विहीर खणून पंपाने वर उचलायचा आणि पुन्हा उतरवत न्यायचा. मळ्यासारख्या सखल भागात दोन हात खणलं की पाणी लागतं. भरतीच्या वेळी तर खड्डा समुद्राच्या पातळीखाली. बाजूच्या भिंती ढासळतात, पंप लावून उपसत राहावं लागतं. सांधा जरा सैल राहिला तर मैला बाहेर जाण्याऐवजी खारं पाणी आत येतं आणि प्रक्रिया केंद्रापर्यंत निम्मा समुद्रच पोचतो. म्हणून या कामात पैसा लागतो, वेळ लागतो, आणि काम नीट झालं तर वर काहीच दिसत नाही.

टोंकाचं केंद्र 2005 साली नव्या पद्धतीचं झालं, दिवसाला सव्वा कोटी लिटर मैलापाणी घेणारं. पद्धत सांगायला सोपी आहे. एकाच टाकीत आळीपाळीने सगळं होतं: मैलापाणी भरायचं, खालून हवा सोडायची, जिवाणूंना त्यातली घाण खाऊ द्यायची, मग हवा बंद करून गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचं निवळ पाणी अलगद काढून घ्यायचं. मी ते पाहायला गेले होते. बाहेर पडणारं पाणी काचेच्या भांड्यात घेऊन दाखवलं, निवळ होतं. तिथून परत येताना सांतिनेजच्या नाल्यावरून आले आणि मन खट्टू झालं. शहरातल्या ज्या घरांचं आणि दुकानांचं पाणी वाहिनीत जात नव्हतं ते या नाल्यात येत होतं. दादा लहानपणी तिथे मासे गरवायचा.

आमची एक बहीण मडगावला दिली. तिच्या नळाला ओपाचं पाणी नाही, साळावलीचं. सांगे तालुक्यातल्या त्या धरणाखाली कुर्डी गाव गेलं. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकरांचं ते गाव. दर वर्षी मे महिन्यात धरणाचं पाणी उतरलं की देवळाचा चौथरा, घरांच्या जोत्याच्या रेघा वर येतात आणि उठून गेलेले गावकरी तिथे जमतात. बहीण एकदा गेली होती. परत आली ती दोन दिवस बोलली नाही. मग म्हणाली, माझ्या स्वयंपाकघरात जे पाणी येतं ते कुणाच्या तरी स्वयंपाकघरावरून येतं. धाकटी मावशी म्हापशाची. तिकडे अस्नोड्याच्या केंद्रात तिळारीचं पाणी कालव्याने येतं, आणि तिळारीचं धरण दोडामार्गात, महाराष्ट्रात. म्हादई नदीच्या पाण्यावरून राज्याराज्यांत चाललेलं भांडण तर सगळ्यांना माहीत आहे. लवादाने 2018 साली निवाडा दिला तरी ते मिटलेलं नाही. खांडेपार ही तिचीच उपनदी. वरच्या अंगाला काय होतं यावर आमच्या मळ्यातली तोटी अवलंबून आहे, हे कळायला आम्हाला म्हातारपण यावं लागलं.

2007 साली जपान सरकारकडून सुमारे 2,280 कोटी येनचं कर्ज घेऊन साळावलीचं पाणी वाढवण्याचं आणि मडगाव, म्हापसा अशा ठिकाणी मलवाहिन्या टाकण्याचं काम गोव्याने हाती घेतलं. कर्ज म्हटलं की आमच्या पिढीच्या कपाळाला आठ्या पडतात. मला हे कर्ज योग्य वाटतं. रस्त्याला, पुलाला, पुतळ्याला काढलेला पैसा सगळ्यांना दिसतो, आणि त्यासाठी मागणाऱ्यांची कमी नसते. मलवाहिनीसाठी मोर्चा निघालेला मी तरी पाहिला नाही. नळाचं तसं नव्हतं. 2021 च्या सप्टेंबरमध्ये महिन्याला 16,000 लिटरपर्यंतचं पाणी गोव्यात फुकट झालं. 2022 साली घरोघर नळ पोचल्याचं प्रमाणपत्र मिळवणारं गोवा देशातलं पहिलं राज्य ठरलं. दोन्हींची मोठी बातमी झाली. मला आनंद झालाच. अक्काच्या कमरेचा घट्टा आठवला. पण त्याच बातमीच्या पुढच्या ओळीत, किती घरं मलवाहिनीला जोडली हेही छापून यायला हवं होतं.

2019 च्या ऑगस्टमध्ये, भर पावसात, खांडेपारजवळ मुख्य जलवाहिनी फुटली. पणजी, तिसवाडी, फोंडा, सगळीकडे नळ कोरडे. आकाशातून धो धो पाणी आणि घरात थेंब नाही, असे ते दिवस. टँकरमागे लोक धावत होते. झऱ्यांवर पुन्हा रांगा लागल्या, विहिरींची झाकणं निघाली. आमच्या घरी आता पुतण्या राहतो. त्यानेही बावीवरची जाळी काढली, कप्पीला तेल घातलं आणि पोहरा सोडला. त्याच्या मुलीला ती मोठी मौज वाटली. पाणी वर आलं ते नितळ, गार, दिसायला झरीसारखं. अक्का फोनवर ओरडली, “पिऊ नका!” पुतण्याने नमुना तपासायला दिला. त्यात विष्ठेतले जिवाणू निघाले. ते पाणी संडासात आणि फरशीला वापरलं आणि प्यायला बाटल्या विकत आणल्या. बाव भरलेली आणि बाटल्या विकत, हे आबांनी पाहिलं नाही ते बरं.

त्यानंतर पणजी पुन्हा खणली गेली. ‘स्मार्ट सिटी’च्या कामात नव्या मलवाहिन्या, नवे चेंबर, नवे रस्ते. रस्ते महिनोन्‌महिने उघडे, धूळ घराघरात, बुजवलेल्या चरांत ट्रक रुतलेले. लोकांनी उच्च न्यायालयात दाद मागितली आणि 2024 साली न्यायमूर्तींनी स्वतः रस्त्यांवर येऊन पाहणी केली. पुतण्या रोज फोटो पाठवायचा. दम्याच्या माणसाने त्या दिवसांत कसं राहावं, असा प्रश्न होता, आणि तो रास्त होता. पण आमच्या व्हॉट्सॲप गटावर जेव्हा ‘पूर्वीची पणजी किती सुंदर होती’ सुरू झालं तेव्हा मी लिहिलं, पूर्वीच्या पणजीत मागचं दार होतं, विसरू नका. बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही. मग दादाने लिहिलं, खणू देत.

एक दिवस गल्लीत काम करणाऱ्या मुकादमाने पुतण्याचं दार ठोठावलं. जुन्या पाईपला धक्का लागू नये म्हणून घरोघर विचारत फिरत होता: तुमचं जुनं कनेक्शन कुठून गेलं आहे, टाकी कुठे आहे, घरात कुणी म्हातारं माणूस आहे का? पुतण्याने तिथूनच गटावर फोन लावला. दादा पुण्याला, बहीण मडगावला, अक्का वास्कोला, मी पर्वरीला. मुकादम उत्तर कर्नाटकातला. मराठी-कोंकणी-हिंदी मिसळून बोलणारा, शांत स्वभावाचा. त्याने पाऊण तास आमचं ऐकून घेतलं. मीटरची पेटी कुठे होती, बिडाचा पाईप कुठल्या खिडकीखालून आत शिरतो, संडासाची टाकी जिथे खणली तिथे नंतर स्वयंपाकघर वाढवलं ते कुठवर. गेल्या पन्नास वर्षांत चवथीच्या गप्पांचा असा उपयोग कधी झाला नव्हता.

त्या रात्री मी सगळं कागदावर उतरवलं. तुळशीवृंदावन, बाव, डोण, न्हाणी, फणस. पाण्याचा पाईप निळ्या शाईने, मैल्याचा काळ्या. दादाच्या म्हणण्याप्रमाणे टाकीचा शोषखड्डा फणसाच्या बुंध्याशी, आणि म्हणूनच तो फणस एवढा धरायचा. धाकटा म्हणतो, शोषखड्डा बावीच्या बाजूला होता. खणताना तो आत पडला होता आणि गुडघा फुटला होता, त्याला जागा चुकेल कशी? धाकट्याचं खरं असेल तर बाव का बिघडली तेही कळतं. तो भाग मी तुटक रेघेने दाखवला. परसाच्या टोकाला, भिंतीत बुजवलेलं मागचं दारही काढलं आणि तिथे लिहिलं: सफाई करणारी बाई इथून येत असे. अक्काने कागद पाहिला तेव्हा बराच वेळ तिथे बोट ठेवून ती आठवत राहिली. नाव आठवलं नाही. तिची एक लहान मुलगी सोबत यायची, भिंतीपलीकडे बसून राहायची, एवढं तिला आठवलं. तेही मी लिहिलं.

खणल्यावर धाकट्याचं खरं निघालं. शोषखड्डा बावीपासून जेमतेम दहा पावलांवर होता.

घराची जोडणी आता झाली आहे. नव्या चेंबरपर्यंत उतार मिळावा म्हणून न्हाणीची फरशी फोडावी लागली, तेव्हा पुतण्याची बायको नाराज होती. तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं, कारण खर्च आणि धूळ तिच्या वाट्याला आली. 2008 च्या कायद्याने वाहिनी असेल तिथे जोडणी सक्तीची आहे, तरी अनेक घरं याच कारणाने मागे राहतात. शेजारच्या दोन घरांनी अजून केलेली नाही. पुतण्या त्यांना आपली फोडलेली आणि पुन्हा बसवलेली फरशी दाखवायला घेऊन आला. जुनी टाकी उपसून, चुना टाकून, वाळू भरून बंद केली. बावीचं पाणी दोन पावसाळे वाहून जाऊ द्यायचं आणि मग तपासायचं, असं ठरलं आहे. शेजाऱ्यांच्या टाक्या चालू असेपर्यंत ते सुधारेल की नाही याबद्दल दादाला शंका आहे. नमुना घेण्याचं काम धाकट्याकडे दिलं आहे. नकाशाची एक प्रत मीटरच्या पेटीत ठेवली आहे, एक मुकादमाला दिली, आणि एक दोन्ही शेजाऱ्यांसाठी पुतण्याकडे आहे.